अवकाशयुगाचे सुटे भाग : पिंपरी-चिंचवड आणि चाकण

भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचा विषय निघाला की श्रीहरिकोट्याचा प्रक्षेपणतळ, बंगळुरूचा नियंत्रण कक्ष आणि मोहीम फत्ते झाल्यावर एकमेकांचे हात हातात घेणारे शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतात. परंतु प्रक्षेपक, म्हणजे उपग्रहाला कक्षेत नेऊन सोडणारे रॉकेट, अखेर हजारो सुट्या भागांच्या जुळणीतून उभे राहते, आणि त्या भागांचा मोठा हिस्सा इस्रोच्या कुंपणाबाहेर, लेथ, भट्ट्या आणि वेल्डिंग यांच्या सान्निध्यात तयार होतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण आणि तळेगाव हा पट्टा देशभर ओळखला जातो तो मोटारी, दुचाकी आणि त्यांच्या सुट्या भागांसाठी. येथील तरुणांना विमान आणि अंतराळ उद्योगात, म्हणजे ज्याला एकत्रितपणे एरोस्पेस म्हणतात त्या क्षेत्रात, नेमके कोठे शिरता येईल, हा प्रश्न अलीकडच्या घडामोडींमुळे केवळ कुतूहलाचा न राहता पोटापाण्याचा झाला आहे. या कामासाठी लागणारे हात पट्ट्याकडे आहेत; कमी पडते ते केलेल्या कामाचा पुरावा जपण्याचे वळण आणि धीर धरणारे भांडवल, आणि या दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या तर मिळवता येण्याजोग्या आहेत.

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने अंतराळ क्षेत्र खासगी उद्योगांना खुले करण्याचा निर्णय घेतला आणि खासगी कंपन्यांना परवानगी व साहाय्य देण्यासाठी ‘इन-स्पेस’ ही संस्था निर्माण केली. त्यानंतर २०२३ मध्ये भारतीय अंतराळ धोरण जाहीर झाले, २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीचे नियम सैल झाले आणि उपग्रहांचे व प्रक्षेपकांचे सुटे भाग बनवण्याच्या उद्योगात १०० टक्के परकीय गुंतवणुकीला थेट मुभा मिळाली. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘विक्रम-एस’ हे देशातील पहिले खासगी रॉकेट उडवले; चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ रोजी त्रिमितीय छपाईने, म्हणजे धातूचे थरावर थर चढवून, एकसंध बनवलेल्या इंजिनाची उड्डाणचाचणी यशस्वी केली. पाच पीएसएलव्ही प्रक्षेपक संपूर्णपणे उद्योगांनी बांधून द्यावेत यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला कंत्राट मिळाले, आणि जून २०२५ मध्ये एसएसएलव्ही या छोट्या प्रक्षेपकाचे तंत्रज्ञान घेण्यासाठी लागलेली बोलीही हिंदुस्थान एरोनॉटिक्सने जिंकली. जागतिक अंतराळ व्यवसायात भारताचा वाटा आज सुमारे दोन टक्के मानला जातो आणि २०३३ पर्यंत भारताची अंतराळ अर्थव्यवस्था ४४ अब्ज डॉलरपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट इन-स्पेसने समोर ठेवले आहे. उद्दिष्टे कागदावर ठेवणे सोपे असते हे खरे. पण प्रक्षेपक बांधण्याची जबाबदारी उद्योगांकडे सरकू लागली की सुट्या भागांच्या पुरवठादारांची साखळीही उद्योगांनाच उभी करावी लागते, आणि पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांचा संबंध येतो तो येथे.

हा संबंध आजचा नाही. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर इंडस्ट्रीज ही साखरधंद्यातून वाढलेली कंपनी १९७० च्या दशकापासून इस्रोसाठी काम करत आली आहे, आणि तिचे संस्थापक वालचंद हिराचंद यांनीच १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमान कंपनी उभारली होती. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात घन इंधन वापरतात. हे इंधन म्हणजे एका रबरासारख्या पदार्थात ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन पुरवणारे रसायन आणि ॲल्युमिनियमची भुकटी मिसळून घट्ट केलेला लगदा असतो, आणि तो ज्या पोलादी नळकांड्यात भरतात त्याला मोटर केसिंग म्हणतात. पीएसएलव्हीच्या बाबतीत हे नळकांडे २.८ मीटर व्यासाचे आणि सुमारे २० मीटर लांबीचे असून त्यात १३८ टनांच्या आसपास इंधन मावते. एवढे मोठे नळकांडे एकसंध बनवणे आणि वाहून नेणे दुरापास्त असल्याने ते पाच खंडांत बनवतात, आणि असे खंड वालचंदनगरमध्ये तयार होतात. चंद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ प्रक्षेपकावरून गेले त्याच्या बाजूंच्या दोन बूस्टरांसाठीही या कारखान्याने काम केले आहे.

एक खंड कसा बनतो हे थोडे जवळून पाहिले तर एरोस्पेसमधील कामाचे मर्म ध्यानात येते. त्यासाठी मॅरेजिंग नावाचे पोलाद वापरतात. नेहमीच्या पोलादाला ताकद येते ती कार्बनमुळे. मॅरेजिंग पोलादात कार्बन जवळजवळ नसतोच, त्याऐवजी सुमारे १८ टक्के निकेल आणि सोबत कोबाल्ट व मॉलिब्डेनम असतात, आणि वेल्डिंग व घडाई उरकल्यानंतर ते सुमारे ४८० अंश सेल्सिअस तापमानाला काही तास ठेवले की धातूच्या अंतर्भागात अतिसूक्ष्म कण तयार होऊन त्याची ताकद खूप वाढते. या गुणामुळे धातू मऊ असतानाच त्याच्या पत्र्याला गोलाई देता येते, जोड घालता येतात आणि अखेरीस त्याला कणखर करता येते. मात्र वेल्डिंगच्या सांध्यात एखादा हवेचा बुडबुडा किंवा केसाएवढी चीर राहून गेली, तर प्रज्वलनानंतर हवेच्या सामान्य दाबाच्या पन्नासपटीहून अधिक दाब आतून रेटू लागल्यावर ती चीर क्षणार्धात फाटत जाते. म्हणून प्रत्येक सांध्याचे क्ष-किरणांनी छायाचित्र घेतात, भट्टीतील तापमानाचा आलेख जपून ठेवतात, खंड पाण्याने भरून दाबाखाली तपासतात आणि दोन खंड एकमेकांत ज्या खाचेत बसतात ती खाच मोठ्या व्यासावरही मिलिमीटरच्या अल्प अंशापर्यंत अचूक कापतात. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट होऊन सात अंतराळवीर दगावले, ते नेमके अशाच दोन खंडांमधील सांध्याचे रबरी कडे थंडीने कडक होऊन गळू लागल्यामुळे.

भारतालाही असा धडा मिळालेला आहे. १२ ऑगस्ट २०२१ रोजी जीएसएलव्ही-एफ१० या प्रक्षेपकाची मोहीम फसली, कारण अतिथंड द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीत हवा तेवढा दाब टिकला नाही. चौकशी समितीने मागोवा घेत नेला तो टाकीच्या एका झडपेपर्यंत आणि त्या झडपेतील मऊ सीलला झालेल्या इजेपर्यंत. एक लहानसे सील आणि त्यापायी गमावलेला पृथ्वी-निरीक्षण उपग्रह हे व्यस्त प्रमाण ज्याच्या मनावर ठसले, त्याला एरोस्पेसमध्ये तपासणीवर इतका वेळ व पैसा का खर्च होतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता चाकण पट्ट्याकडे वळता येईल. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि त्याच दशकात टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, येथे आली. टेल्कोने पुण्यात मोटारींच्या आधी मशिन टूल विभाग आणि शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण यांवर भर दिला, आणि कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या या दूरदृष्टीचे फळ सबंध पट्ट्याला मिळाले, कारण तेथे शिकलेले टूलरूमचे कारागीर पुढे भोसरीतील कितीतरी वर्कशॉपांचे मालक झाले. टाटा मोटर्सच्या मशिन टूल विभागातूनच पुढे टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्स ही चिंचवडची कंपनी आकाराला आली. तिने नागपूरच्या मिहानमध्ये कारखाना काढून बोईंगच्या ७८७ ड्रीमलायनर विमानाच्या फरशीखालील आधारतुळया बनवल्या, त्याही लोखंडाच्या नव्हेत तर कार्बनचे धागे व राळ यांच्या संमिश्र द्रव्याच्या. मोटारींच्या सुट्या भागांसाठी यंत्रे घडवणाऱ्या विभागाची पुढची पिढी विमानाच्या सांगाड्यापर्यंत पोहोचली, हा या पट्ट्याच्या क्षमतेचा भक्कम पुरावा मानायला हवा.

चाकणमध्ये १४ फेब्रुवारी २०१५ रोजी जीई कंपनीच्या कारखान्याचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. तेथे बनणारे विमान इंजिनांचे भाग जगभरच्या जुळणी कारखान्यांना जातात. एअरबस ए-३२० निओ आणि बोईंग ७३७ मॅक्स या विमानांना बसणाऱ्या लीप इंजिनाचे भाग त्यांत प्रमुख आहेत. मुंढव्याची भारत फोर्ज २०१६ पासून बोईंगला ७३७ विमानाच्या पंखांवरील फ्लॅप या हलत्या पट्ट्यांसाठी टायटॅनियमचे घडीव भाग पुरवू लागली. तळेगावला लार्सन अँड टुब्रोचे संरक्षण सामग्रीचे संकुल आहे, दिघीला संरक्षण संशोधन संस्थेची क्षेपणास्त्रांचे वाहक-प्रक्षेपक आणि लष्करी पूल रचणारी प्रयोगशाळा आहे, पाषाणला शस्त्रास्त्रे आणि स्फोटक-इंधने यांवर संशोधन करणाऱ्या दोन प्रयोगशाळा आहेत, आणि चाकण परिसरातील नीबे समूहाने उपग्रहासाठी युरोपातील थेल्स अलेनिया स्पेसशी करार केला आहे. पुणे-नाशिक रस्त्याने सरळ पुढे गेले की नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना लागतो, जेथे १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाच्या तिसऱ्या जुळणी मार्गिकेचे उद्घाटन झाले.

या सगळ्यात एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण अंतराळाच्या उत्साहात ती झाकली जाते. २०२४ मध्ये इस्रोची श्रीहरिकोट्याहून पाच उड्डाणे झाली. एवढ्या उड्डाणांच्या भागांवर शेकडो वर्कशॉपांची चूल बारमाही पेटती राहणार नाही. याउलट एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी ५०० विमानांची मागणी नोंदवली, आणि ही विमाने, त्यांची इंजिने व त्यांची देखभाल ही वर्षानुवर्षे चालणारी कामे आहेत. म्हणून या पट्ट्यातील उद्योजकाने आणि तरुणानेही विमानाला रोजची भाकरी आणि रॉकेटला कौशल्याची कसोटी समजावे, हा व्यवहार्य मार्ग दिसतो. विमानाच्या भागांवर जी शिस्त अंगी बाणते तिच्याच बळावर प्रक्षेपकाचे काम मिळते.

मोटार उद्योगाची शिस्त आणि एरोस्पेसची शिस्त यांत मोठा फरक आहे, आणि चांगली चांगली वर्कशॉपे अडखळतात ती तेथेच. मोटारीचा एखादा भाग महिन्याला पन्नास हजारांच्या संख्येने लागतो, त्यामुळे सगळी हुशारी एका नगामागचे सेकंद आणि पैसे वाचवण्यात खर्ची पडते. प्रक्षेपकाचा भाग वर्षाला दहा-वीस नगच लागेल, पण त्यांतील प्रत्येक नगाची जन्मकहाणी कागदावर असावी लागते : कोणत्या ओतीच्या धातूतून तो कापला, तो धातू कोणत्या प्रमाणपत्रासह आला, कोणत्या यंत्रावर, कोणत्या तारखेला, कोणत्या ऑपरेटरने तो बनवला, मोजमापाचे यंत्र शेवटचे कधी पडताळले होते, भट्टीत तो किती वेळ होता. याला माग ठेवणे म्हणतात. एखादा नग सदोष निघाला तर त्याच ओतीच्या धातूचे बाकीचे नग कोणत्या विमानात बसले आहेत हे तासाभरात सांगता यावे, हा त्याचा उद्देश आहे. विमान व अंतराळ उद्योगाचे एएस-९१०० हे गुणवत्ता मानक याच पायावर उभे आहे, आणि हे प्रमाणपत्र नसलेल्या वर्कशॉपला मोठ्या कंपन्या चौकशीचे पत्रसुद्धा सहसा पाठवत नाहीत. उष्णतासंस्कार, वेल्डिंग, मुलामा देणे अशा ज्या प्रक्रियांचा दोष वरून दिसत नाही, त्यांना विशेष प्रक्रिया म्हणतात आणि त्यांच्यासाठी नॅडकॅप नावाची आणखी वेगळी मान्यता लागते.

खुद्द कापण्याचे काम पाहिले तरी फरक जाणवतो. भोसरीतला मशिनिस्ट ओतीव लोखंड आणि ॲल्युमिनियम डोळे मिटून कापू शकतो, पण टायटॅनियम त्याची परीक्षा पाहते. या धातूतून उष्णता फार हळू वाहते, त्यामुळे कापताना निघणारी उष्णता जॉबमध्ये पसरून किंवा चिप्सबरोबर बाहेर न पडता हत्याराच्या धारेवरच साचते आणि इन्सर्ट, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवलेली कठीण पात्याची वडी, भराभर झिजते. शिवाय टायटॅनियम लवचीक असल्याने पातळ भिंतीचा जॉब हत्याराच्या दाबाने मागे सरतो आणि हत्यार पुढे गेले की परत येतो, म्हणजे यंत्राने बरोबर कापूनही माप चुकते. वेग कमी ठेवायचा, कूलंटचा जोरदार फवारा थेट धारेवर मारायचा, जॉबला मागून आधार देणारे फिक्स्चर बनवायचे आणि इन्सर्ट झिजल्याचे दिसण्याआधीच बदलायचे, हे सारे अनुभवाने येते, आणि चुकीची किंमत जबर असते, कारण विमानाचे कित्येक भाग अखंड ठोकळ्यातून कोरून काढतात आणि महागड्या ठोकळ्याचा बराचसा भाग चिप्स होऊन जातो. शेवटच्या पासला जॉब रिजेक्ट झाला तर कच्चा माल आणि काही दिवसांची मेहनत दोन्ही पाण्यात जातात. अशा वेळी चुकलेला जॉब गुपचूप दुरुस्त करून पुढे ढकलणे हा एरोस्पेसमधील सर्वांत गंभीर अपराध ठरतो, आणि चूक झाल्याचे तत्काळ नोंदवणारा ऑपरेटर हा कारखान्याचा खरा आधार असतो. ज्या शॉप फ्लोअरवर चूक सांगणाऱ्याला ओरडा बसतो, तेथे हे काम रुजणे कठीण आहे.

भांडवलाची अडचणही तितकीच खरी आहे. पाच अक्षांवर फिरणारे यंत्र आणि निर्देशक मोजणारे सीएमएम हे यंत्र घेण्यासाठी लघुउद्योजकाला मोठे कर्ज काढावे लागते. पहिला नमुना मंजूर होण्यात अनेक महिने जातात, कारण फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन या टप्प्यात ड्रॉइंगवरील प्रत्येक मापाला क्रमांक देऊन त्याची नोंद सिद्ध करावी लागते, आणि नियमित ऑर्डर त्यानंतर येते. हप्ते मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतात. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये एरोस्पेस आणि संरक्षण उत्पादन धोरण आणले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीला लघुउद्योगांसाठी संरक्षण प्रदर्शन भरवले. तरीही विशेष प्रक्रिया आणि चाचण्यांसाठी एक मान्यताप्राप्त सामाईक केंद्र भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकांना वाजवी दरात उपलब्ध होणे, ही प्रदर्शनांपेक्षा कितीतरी निकडीची गरज आहे. विजेवरील वाहनांमुळे ही निकड वाढते, कारण अशा वाहनात पिस्टन, क्रँकशाफ्ट, सायलेन्सर किंवा इंधन पंप लागतच नाहीत, आणि या भागांवर जगणाऱ्या वर्कशॉपांना आज ना उद्या नवे काम शोधावेच लागणार आहे.

अंतराळाशी या प्रदेशाचे नाते कारखान्यांपुरतेच नाही. पुण्यातील आयुका या संस्थेने आदित्य-एल१ मोहिमेसाठी सूट ही अतिनील दुर्बीण घडवली; २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरून सूर्याचे निरीक्षण करत असून सूट ही दुर्बीण अकरा वेगवेगळ्या गाळण्यांमधून सूर्यबिंबाची छायाचित्रे घेते. चाकणवरून त्याच नाशिक रस्त्याने नारायणगावला गेले की खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापारेली हे अवतरणयान मंगळाच्या वातावरणात शिरले तेव्हा त्याचा क्षीण संदेश पृथ्वीवर थेट टिपला तो जुन्नर तालुक्यातील या अँटेनांनी. यान उतरण्याच्या बेतात असताना संदेश तुटला आणि ते आदळून नष्ट झाले, पण तोवरचा अवतरणाचा प्रवास खोडदला नोंदला गेला होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील, म्हणजे सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभर वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून कक्षेत गेला. विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी वर्षानुवर्षे काम पुढच्या तुकडीकडे सोपवत तो पुरा केला, आणि अर्धवट काम नोंदींसह दुसऱ्याच्या हाती देण्याचे हे शिक्षण उपग्रहाइतकेच मोलाचे आहे.

त्याआधीच्या पिढ्यांतही मराठी नावे ठळक आहेत. थुंबा येथे २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातून पहिले अग्निबाण उड्डाण झाले तेव्हा हजर असलेल्या मोजक्या तरुण अभियंत्यांत प्रमोद काळे होते, जे पुढे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. घन इंधनाच्या विकासात मोलाची भर घालणारे डॉ. वसंत गोवारीकरही त्याच केंद्राचे संचालक होते आणि नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

नोकरीच्या दृष्टीने पाहता, इस्रोत जाण्यासाठी एरोस्पेसचीच पदवी हवी हा समज पालकांमध्ये घट्ट रुतला आहे आणि त्यापायी अनेकांचे पैसे व वर्षे वाया जातात. इस्रोच्या केंद्रीय भरती मंडळामार्फत शास्त्रज्ञ-अभियंता पदांसाठी होणाऱ्या भरतीत मुख्यतः यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या शाखांचे पदवीधर घेतले जातात. किमान ६५ टक्के गुण, लेखी परीक्षा व मुलाखत असा तो मार्ग असून सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. बारावीनंतर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही २००७ मध्ये स्थापन झालेली अंतराळ शिक्षणाची संस्था आहे आणि तिचा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेच्या आधारे होतो. नववीतील मुलामुलींसाठी इस्रोचा युविका हा उन्हाळी उपक्रम आहे, आणि शाळांनी त्याची माहिती वेळेत दिली तर निमशहरी भागातील मुलांनाही तो गाठता येतो.

त्याहून कमी बोलली जाणारी वाट पदविका आणि आयटीआयची आहे. इस्रोच्या केंद्रांत प्रथम श्रेणीतील पदविकाधारक टेक्निकल असिस्टंट म्हणून घेतले जातात, मूळ वेतन ४४,९०० रुपये. आणि फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड पूर्ण केलेले तरुण टेक्निशियन-बी पदावर २१,७०० रुपये मूळ वेतनापासून सुरुवात करतात, त्यावर महागाई भत्ता व इतर भत्ते वेगळे मिळतात. मोरवाडीत पिंपरी-चिंचवड महापालिकेचे स्वतःचे आयटीआय आहे, औंधला सरकारी आयटीआय आहे. ओझरच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारांना जागा असतात, आणि विमानाचा सांगाडा जुळवणाऱ्या फिटरसाठी आयटीआयचा स्वतंत्र ट्रेडही मान्यताप्राप्त यादीत आहे. या जागा भरल्या जातात त्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत न येणाऱ्या जाहिरातींतून, त्यामुळे आयटीआयच्या निदेशकांनी, म्हणजे शिकवणाऱ्या शिक्षकांनी, त्यांवर नजर ठेवून मुलांना अर्ज करायला लावणे हे प्रवेशाच्या वेळच्या समुपदेशनाइतकेच महत्त्वाचे आहे. विमानाची देखभाल करण्यात रस असणाऱ्यांसाठी बारावी विज्ञाननंतर डीजीसीए या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवान्याचा अभ्यासक्रम आहे. तेथे संस्थेची मान्यता तपासल्याशिवाय शुल्क भरू नये, कारण पदवीचे कागद कितीही आकर्षक असले तरी विमानाच्या दुरुस्तीवर सही करण्याचा हक्क त्या परवान्यानेच मिळतो.

मात्र या पट्ट्यात सर्वांत जवळची संधी अजून शाळेत असलेल्यांपेक्षा आजच कामावर जाणाऱ्यांना आहे. दहा-पंधरा वर्षे मोटारीच्या भागांवर काम केलेल्या क्वालिटी इन्स्पेक्टरला विनाविध्वंस चाचणी, म्हणजे जॉब न तोडता त्यातील दोष शोधण्याची विद्या, नोकरी सांभाळून शिकता येते. जॉब स्वच्छ धुऊन त्यावर चमकणारे रंगद्रव्य लावायचे, ते चिरेत झिरपण्यासाठी ठरलेला वेळ थांबायचे, पृष्ठभाग पुसून वर पांढरी भुकटी फवारायची आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली कोठे हिरवट रेष उमटते ते पाहायचे, ही त्यातील एक सोपी वाटणारी रीत आहे. पण रंगद्रव्य पुसताना हात जड पडला तर चिरेतलेही पुसले जाते आणि हलका पडला तर दोष नसलेल्या जागीही डाग दिसतो. ध्वनिलहरी आणि क्ष-किरण यांच्या चाचण्या त्याहून अवघड असतात. या विद्येच्या तीन पायऱ्या आहेत : पहिल्या पायरीवरचा कामगार लिहून दिलेल्या पद्धतीने चाचणी करतो, दुसऱ्या पायरीवरचा यंत्र लावून निष्कर्ष काढतो आणि अहवालावर सही करतो, तिसऱ्या पायरीवरचा पद्धतच लिहितो आणि इतरांना प्रमाणित करतो. प्रत्येक पायरीसाठी ठरावीक तासांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष कामाचा नोंदलेला अनुभव, लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा लागते, आणि जवळचे बारीक अक्षर वाचता येते की नाही याची तपासणी दरवर्षी द्यावी लागते. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी अनिवार्य नसते. आयटीआय किंवा पदविका झालेला आणि नोंदवही प्रामाणिकपणे भरणारा माणूस पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाऊ शकतो, आणि विमान इंजिनाच्या भागापासून प्रक्षेपकाच्या सांध्यापर्यंत ही चाचणी लागणारा कोणताही जॉब अशा माणसाच्या सहीशिवाय कारखान्याच्या फाटकाबाहेर पडत नाही.